हरवलेलं पोतं

वेअरहाऊसच्या सॉफ्टवेअरवर काम करायला लागलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक गोष्ट लक्षात येते. गोदामातला माल सहसा हरवत नाही, हरवतो तो त्याचा पत्ता. स्क्रीन सांगते, 'रांग ७, थप्पी ३, पोती ४०'. तिथे जाऊन मोजावं तर ३८ भरतात. राहिलेली दोन पोती बहुतेक वेळा त्याच छताखाली, दहा-वीस पावलांवर निवांत पडलेली असतात. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण कुणीतरी गोदामात उभं राहूनच रचली असावी, असं मला कधीकधी वाटतं.

हा प्रकार किती सार्वत्रिक आहे? निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीची ३७ दुकानं निवडली आणि तिथल्या मालाच्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या. २००८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सुमारे ६५ टक्के नोंदी मालाशी जुळत नव्हत्या. बारकोड होते, कॉम्प्युटर होते, शिकलेली माणसं होती. तरी शंभरातल्या पासष्ट नोंदी चुकीच्या.

म्हणजे नोंद आणि माल यांची फारकत होणं हा अपवाद नाही, ती रोजची गोष्ट आहे. मग प्रश्न उरतो तो दुसराच: फारकत झाली की भुर्दंड कुणाच्या माथी बसतो? या प्रश्नाचा इतिहास मला माझ्याच जिल्ह्यात, बीडमध्ये, सापडतो. तिथे बारकोड यायच्या कितीतरी आधीपासून माणसं धान्य साठवत होती, मोजत होती आणि शोधत होती.

पेव आणि बळद

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण क्लासेसचं पेव फुटलं, यूट्यूब चॅनेलचं पेव फुटलं, असा सर्रास वापरतो. पण पेव म्हणजे काय, हे शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. कडक मुरमाची, पाणी न लागणारी जागा बघायची. तोंड अरुंद आणि पोट मोठं, असा खड्डा खोदायचा. आतून सारवून, वाळवून, कडेने काड किंवा भुसा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. आत हवा खेळत नाही, म्हणून किडीला जगता येत नाही. त्याच कारणाने पेव उघडणं धोक्याचं. तोंड उघडून काही वेळ थांबायचं, मग दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर माणसाने उतरायचं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत, पण ज्वारीची पेवं मराठवाड्यातल्या गढ्यांत आणि वाड्यांतही होती.

घरातल्या घरात याचा धाकटा भाऊ म्हणजे बळद. जाड भिंतींच्या आत सोडलेली पोकळी, वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून लागेल तसं काढायचं. केजकडच्या आमच्या जुन्या घरात असं बळद होतं. माझ्या इंजिनिअर डोक्याला त्यातली मेख फार उशिरा कळली. बळदात आधी ओतलेलं धान्य आधी बाहेर येतं. 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट' हा नियम आम्ही कोड लिहून पाळायला लावतो, तो तिथे भिंतीनेच पाळलेला होता.

पेवाची नोंद मात्र कागदावर नसायची. ती घरातल्या कर्त्या माणसाच्या डोक्यात असायची. तोंड मातीने बुजवलेलं, वर जमीन सारखी केलेली, कारण लुटारूला कळता कामा नये. लुटारूपासून लपवलेली गोष्ट पुढच्या पिढीपासूनही लपू शकते. कर्ता माणूस अचानक गेला किंवा दुष्काळात घरदार उठून गेलं, तर पेव जागेवर राहायचं आणि पत्ता जायचा. इथे भुर्दंड सरळ होता. ज्याचं पेव, त्याचंच नुकसान.

मोजायचं काम मापाऱ्याचं. पायली, अधोली यांची मापं भरून तो रास मोजायचा आणि पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन. आमच्या कोडमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, मापाऱ्याची लाभापासून व्हायची. या मोजणीचा मोठा गुण असा, की ती खळ्यावर, चारचौघांत आणि मोठ्याने व्हायची. आकडा ऐकायला शेतकरी, बलुतेदार आणि शेजारीपाजारी हजर असायचे. चूक झाली तर तिथल्या तिथे टोकणारं कुणीतरी असायचं.

लेखणी दुसऱ्याच्या हातात

साठा मोठा झाला की डोक्यातली नोंद पुरत नाही. राज्यकर्त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं, १६७३-७४ च्या सुमाराचं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या अर्थाच्या आदेशासाठी ते ओळखलं जातं. पण वेअरहाऊसवाल्याच्या नजरेने वाचलं तर ते साठ्याच्या नियोजनाचं पत्र आहे. पावसाळाभराचा दाणागोटा नि वैरण दिलेली आहे. ती आत्ताच बेफिकिरीने उधळली तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेला लुटायला लागाल, असा त्याचा रोख आहे. रात्री जळती वात उंदराने ओढून नेली तर वैरणीला आग लागेल, इथपर्यंतचा विचार त्यात आहे. साठ्याचा हिशेब चुकला की त्याची झळ कोठारात नसलेल्या माणसाला, म्हणजे शेजारच्या कुणब्याला लागते, हे त्या पत्राने नेमकं ओळखलं होतं.

पुढे गावोगाव सावकाराची वही आली. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार आणि खतावणीत प्रत्येकाचं खातं. पद्धत म्हणून ही वाईट नव्हती, आजच्या डेटाबेसचाही सांगाडा साधारण तोच आहे. अडचण होती ती लेखणी कुणाच्या हातात, याची. शेतकऱ्याने खळ्यावर मोजून दिलेली ज्वारी सावकाराच्या वहीत किती लिहिली गेली, हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. आता माल जागच्या जागी असूनही हरवू शकत होता. दहा मण दिले, आठ लिहिले, की दोन मण गेले.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा झाला आणि तो पुणे-नगर भागातल्या अनेक गावांत पसरला. इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. दंगेखोरांचं मुख्य लक्ष्य कर्जरोखे आणि वह्या हे होतं. ठिकठिकाणी त्यांनी कागद मागून घेतले आणि जाळले. त्यांचा राग नोंदीवर होता. त्यानंतर इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. नगर जिल्ह्याची हद्द आष्टी-पाटोद्याला लागून आहे. पण बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे तो कायदा हद्दीवरच थांबला. अलीकडच्या शेतकऱ्याला कोर्टात दाद होती, पलीकडच्याला त्या कायद्याचा आधार नव्हता.

बाजाराचंही हळूहळू तसंच झालं. विदर्भातल्या कारंजाला १८८६ साली कापसाचा नियमबद्ध बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. हैदराबाद संस्थानाने शेतीमालाच्या बाजारांसाठी कायदा केला तो १९३० साली. कायदा आला तरी काट्याजवळच्या खुब्या शिल्लक राहिल्या. त्यातली सगळ्यात चिवट म्हणजे 'कडता': पोत्याच्या वजनापोटी, मातीपोटी, ओलीपोटी म्हणून दर पोत्यामागे थोडा माल कापून घ्यायचा. हा माल कुठेच हरवलेला नसतो. त्याचं फक्त नाव बदलतं.

वखारीची पावती

रिझर्व्ह बँकेने १९५१ साली ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला यांच्या समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता, बाकी बहुतेक सावकाराचं राज्य. सुगीला भाव पडलेला असताना शेतकरी माल विकतो, कारण त्याच्याकडे थांबायची ताकद नसते. मग त्याला थांबता यावं म्हणून काय करावं? माल सुरक्षित ठेवायची जागा द्यावी आणि त्या मालाच्या पावतीवर कर्ज द्यावं. या विचारातून १९५६ चा कायदा झाला, १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आलं आणि त्याच वर्षी राज्याचं वखार महामंडळही. मराठवाडा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता.

सुरतेच्या इंग्रजांच्या वखारीपासून लाकडाच्या वखारीपर्यंत फिरून आलेला हा शब्द आता शेतकऱ्याच्या कामी येणार होता. पुढे १९९०-९१ पासून राज्याच्या कृषी पणन मंडळाने बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना सुरू केली. तूर, सोयाबीन, हरभरा असा माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्क्यांनी घ्यायचं आणि भाव चढला की विकायचं.

या सगळ्या इमारतीचा पाया म्हणजे तो पावतीचा कागद. पावती सांगते, की इतकी पोती, या प्रतीची, या गोदामात आहेत. ती खरी असेल तर शेतकऱ्याला थांबता येतं. थप्पीत पोती कमी भरली तर पावती म्हणजे नुसता कागद.

पोतं गायब कसं होतं, ते एकदा नीट पाहू. पोती लाकडी फळ्यांवर आडवी-उभी रचून थप्पी लावतात आणि तिच्यावर कार्ड लटकवतात: कधी आली, किती, कुणाची. आता दोन शेतकऱ्यांच्या थप्प्या शेजारी आहेत आणि घाईत चार पोती पलीकडच्या थप्पीवर चढली. किंवा बारदाना जुना आहे, त्यावर आधीच्या मालाचा शिक्का आहे आणि नवा शिक्का पुसट आहे. किंवा ट्रक रात्री उतरला आणि नोंद दुसऱ्या दिवशी आठवणीने झाली. किंवा पन्नास किलोच्या पोत्यांत साठ किलोची मिसळली. यात चोर कुठेच नाही.

आणि एक कारण तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडतं. सोयाबीनची हजार पोती, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे ५०० क्विंटल माल आला. आला तेव्हा ओलावा १४ टक्के, उन्हाळ्यात तो १२ टक्क्यांवर आला. गणित करून बघा. पाणी सोडून कोरडा माल ४३० क्विंटल, तो आता एकूण वजनाच्या ८८ टक्के आहे. म्हणजे नवं वजन साधारण ४८८.६ क्विंटल. अकरा क्विंटलांहून जास्त माल 'गेला'. बावीस-तेवीस पोती भरतील एवढं वजन हवेत उडालं आणि पोत्यांची संख्या मात्र हजारच. पावसाळ्यात उलटं होतं. धान्य ओल धरतं, वजन चढतं आणि त्या वाढीत दोन-चार पोत्यांची खरी चोरी सहज लपून जाते. म्हणून जाणता गोदामवाला वजन, पोत्यांची संख्या आणि ओलावा हे तिन्ही आकडे तारखेसह लिहितो. यातला एक जरी गाळला, तरी घट खरी की खोटी हे सिद्ध करता येत नाही. मग अंदाजपंचे दाहोदरसे.

२०१७ सालची तूर आठवत असेल. आदल्या पावसाळ्याने हात दिला, तुरीचं पीक विक्रमी आलं, हमीभाव बोनससह ५०५० रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या खाली कोसळला. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. बारदाना संपला म्हणून काटे थांबले. बाजार समित्यांच्या आवारात तूर दिवसेंदिवस पडून राहिली, शेतकरी राखण करत तिथेच झोपले आणि एप्रिलमध्ये केंद्राने खरेदीची मुदत संपवली तेव्हा माल अजून दारातच होता. त्या मालाचं काय म्हणायचं? तो आवारात होता, सगळ्यांना दिसत होता, पण काट्यावर चढला नव्हता, म्हणून नोंदीत नव्हता. हिशेबाच्या भाषेत तो अस्तित्वातच नव्हता.

ज्याचा हात लागतो, त्याला विचारा

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं. दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचला जाण्याची ती सुरुवात. आज भिवंडी आणि चाकणच्या गोदामांत बीड जिल्ह्यातली पोरं हातात स्कॅनर घेऊन दहा-दहा तास चालतात. २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची करासाठीची गरज संपली आणि मोठी गोदामं वाढली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पुढची पिढी तिथे कामाला लागली.

स्क्रीन आणि जागा जुळत नसली की सॉफ्टवेअर काय करतं? आम्ही शिकवतो तो क्रम असा. आधी शेजारचे कप्पे बघा, डावा, उजवा, वरचा, खालचा. मग त्या मालाची शेवटची हालचाल बघा. मग त्याच दिवशी, त्याच माणसाने ठेवलेला दुसरा माल बघा. मग दिसायला सारख्या, नावाने सारख्या मालात शोधा. वर्षातून एकदा सगळं बंद ठेवून मोजण्यापेक्षा रोज थोडं मोजा. आणि मोजणाऱ्याला स्क्रीनवरचा आकडा आधी दाखवू नका, कारण चाळीस दिसले की माणूस चाळीसच मोजतो.

मराठवाड्यातल्या एका गोदामात मी हे सगळं कागदावर घेऊन गेलो होतो. तुरीची २१२ पोती दिसत होती, सापडत होती २००. दोन दिवस शोधाशोध चालली. संध्याकाळी हमालांपैकी एक मामा चहा पिताना म्हणाले, "त्या दिशी पाऊस लागला व्हता. दारापासली बारा पोती आमी आत घेतली. चन्याच्या थप्पीमागं बघा." पोती तिथेच होती.

मी विचारलं, "मामा, आधी का नाही सांगितलं?"

"इचारलंच न्हाई कुनी."

त्यांनी पोती हलवली नसती तर तूर भिजली असती. म्हणजे काम त्यांनी चोख केलं होतं. पण आमच्या सिस्टिममध्ये 'पाऊस आला म्हणून हलवलं' असं लिहायला जागा नव्हती आणि लिहायचा अधिकार असलेला लॉगिन मामांकडे नव्हता. जो मोजतो आणि उचलतो, त्याच्या हाती नोंद नाही. ज्याच्या हाती नोंद आहे, तो थप्पीपाशी नाही.

पेवापासून इथपर्यंतची वाट मला अशी दिसते. प्रत्येक सुधारणेत लेखणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली: कर्त्या माणसाकडून कारकुनाकडे, सावकाराकडे, बाजार समितीकडे, महामंडळाकडे, सर्व्हरकडे. मापारी आणि हमाल तिथेच राहिले. त्यांच्या मजुरीसाठी, ओझ्यासाठी लढे झाले. पुण्यात बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. या कायद्याने हमालाला मजुरीचं संरक्षण दिलं. त्याच्या माहितीला मात्र अजून कुणी किंमत दिलेली नाही. उलट, मोठ्या गोदामांत चुकीच्या उचलीचा आकडा उचलणाऱ्याच्या आयडीवर चढतो. मग चूक दिसली तरी तो गप्प बसतो आणि माल आणखी खोल हरवतो.

कायदा एका बाजूने पुढे गेला आहे. २००७ चा वखार नियमन कायदा २०१० पासून लागू झाला. नोंदणीकृत गोदामातून पावतीप्रमाणे माल परत देण्याची जबाबदारी त्याने गोदामचालकावर टाकली. २०१७ पासून या पावत्या इलेक्ट्रॉनिक झाल्या, म्हणजे पावती फाटण्याचा किंवा एकाच मालावर दोनदा कर्ज उचलण्याचा धोका कमी झाला. ही मोठी सोय आहे. पण सर्व्हरवरच्या पावतीला थप्पी दिसत नाही. थप्पी दिसते ती तिथे उभ्या असलेल्या माणसालाच.

आणि आमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, 'स्टॉक अ‍ॅडजस्टमेंट'. ते दाबलं की २१२ चे २०० होतात आणि हिशेब जुळतो. बारा पोती कुणाची होती, हा प्रश्न त्याच क्षणी स्क्रीनवरून पुसला जातो. जुना कडता काट्याजवळ, शेतकऱ्याच्या देखत कापला जायचा. हा कापला जातो तेव्हा शेतकरी चाळीस किलोमीटरवर शेतात असतो.

म्हणून या कामातल्या माझ्या वयाच्या पोरापोरींकडे माझं मागणं साधं आहे. हे बटण दाबण्याआधी तीन गोष्टी सक्तीच्या करा. ज्याच्या थप्पीतून माल कमी होणार, त्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर आधी मेसेज जाऊ द्या. त्या दिवशी पाळीवर असलेल्या हमालांना विचारल्याची नोंद, त्यांच्या आवाजात आणि त्यांच्या बोलीत, तिथे जोडली जाऊ द्या. आणि चूक सांगणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, हे भिंतीवर मराठीत लिहून लावा. यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. खळ्यावर मापारी लाभ, दोन, तीन असं मोठ्याने मोजायचा, तेव्हा ऐकणारे चार कान आजूबाजूला असायचे. ते कान आपण गोदामाबाहेर ठेवले. त्यांना आत घ्यायचं काम बाकी आहे.